शेवटची जोडी : १९४४ च्या पंचरंगी अंतिम सामन्याची गोष्ट

१९४४ सालचा नोव्हेंबर महिना. आपल्या अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात काँग्रेसचे बडे पुढारी सव्वादोन वर्षांपासून कैदेत होते. काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद तिथेच होते. त्यांनी याच किल्ल्यात मित्राला उद्देशून पत्रे लिहिली, जी पुढे 'गुबार-ए-खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली. पंडित नेहरूंनी इथेच, त्याच वर्षी एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून काढले. शेवगावहून हा किल्ला साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. हिंदुस्थान एक आहे की अनेक, या प्रश्नावर देशातले दोन मोठे विचारवंत आपल्या जिल्ह्यात बंद दाराआड बसून लिहीत होते.

तिकडे मुंबईत याच प्रश्नावर सप्टेंबरमध्ये गांधीजी आणि जीना मलबार हिलवरच्या जीनांच्या बंगल्यात अठरा-एकोणीस दिवस बोलत होते. ९ सप्टेंबरला सुरू झालेली बोलणी २७ तारखेला मोडली. दोन्ही पुढारी हात हलवत परतले.

आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत त्याच मुंबईत, चर्चगेटजवळच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर, हिंदू विरुद्ध मुसलमान असा उघड सामना झाला. बंद खोलीत नाही, हजारो माणसांसमोर. सामना अटीतटीचा झाला आणि अवघ्या एका गड्याच्या फरकाने सुटला. आज शालेय पुस्तकात त्याची ओळही सापडत नाही. पण आपण मराठी मुसलमानांनी, आणि आपल्या हिंदू शेजाऱ्यांनीही, ही गोष्ट माहीत करून घ्यावी अशी आहे.

पंचरंगी म्हणजे काय?

आजच्या पिढीला हे ऐकून नवल वाटेल की एके काळी या देशातली सर्वांत मोठी क्रिकेट स्पर्धा धर्माच्या नावावर खेळली जात होती. १८९२ पासून मुंबई इलाख्यात युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने होत. १९०७ मध्ये हिंदूंचा संघ आला आणि स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आला, ती चौरंगी झाली. १९३७ मध्ये पाचवा संघ आला आणि ती पंचरंगी झाली.

या पाचव्या संघाचे नाव होते 'द रेस्ट'. म्हणजे इतर, उरलेले. हिंदी ख्रिश्चन, अँग्लो-इंडियन, ज्यू, असे जे कोणत्याच रकान्यात बसत नव्हते ते सगळे या एका पिशवीत. आपल्या सांगलीचा विजय हजारे, पुढे भारताचा कप्तान झालेला अस्सल मराठी माणूस, धर्माने ख्रिश्चन होता म्हणून 'इतरां'मधून खेळला. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध त्याने ३०९ धावा काढल्या. त्या डावात त्याच्या संघाची एकूण धावसंख्या होती ३८७. स्वतःच्या मुलखात 'इतर' म्हणवून घेणाऱ्या माणसाने एकट्याने दिलेले हे उत्तर क्रिकेटच्या इतिहासात अजून चमकते आहे.

ही विभागणी वरून जितकी सरळ दिसते तितकी ती नव्हती. हिंदूंच्या संघात पळवणकर बाळू हा आपल्या काळातला सर्वश्रेष्ठ फिरकी गोलंदाज होता. तो चर्मकार समाजातला. पुण्यात त्याच्या गोलंदाजीवर संघ सामने जिंकत होता, पण चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. हिंदू संघाचे कप्तानपद त्याला कधीच मिळाले नाही. ते त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला १९२३ मध्ये मिळाले, तेही पुष्कळ वादावादीनंतर. म्हणजे 'हिंदू' या एका नावाच्या आत किती भिंती होत्या ते मैदानावरच दिसत होते.

मुसलमानांचा संघही तसा एकजिनसी नव्हता. मुंबईचा गुजराती बोलणारा, लाहोरचा पंजाबी बोलणारा, इंदूरचा हिंदी-उर्दू बोलणारा, असे खेळाडू एका टोपीखाली येत. भाषा वेगळी, खाणे वेगळे, राहणे वेगळे. त्यांना एकत्र बांधणारा धागा जनगणनेच्या रकान्यातला.

या संघांच्या मागे जिमखाने होते. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरून आजही जाताना पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना एका ओळीत दिसतात. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी इंग्रज सरकारने या जागा दिल्या, त्या जमातवार दिल्या. इस्लाम जिमखान्याच्या उभारणीशी न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजी यांचे नाव जोडलेले आहे. हे तेच तय्यबजी, जे १८८७ मध्ये मद्रासच्या अधिवेशनात काँग्रेसचे अध्यक्ष होते. जमातीसाठी मैदान मागणारा आणि देशासाठी एक व्यासपीठ उभे करणारा माणूस एकच होता. त्या काळात या दोन गोष्टींत विरोध आहे असे फारसे कुणाला वाटत नव्हते. तो विरोध नंतर उभा राहिला.

बंद करा म्हणणारे

मुसलमानांच्या संघाने ही स्पर्धा पहिल्यांदा १९२४ मध्ये जिंकली, तीही हिंदूंना हरवून. १९३४ आणि १९३५ अशी लागोपाठ दोन वर्षे पुन्हा जिंकली. हिंदू-मुसलमान सामन्याला जी गर्दी होई, ती रणजी करंडकाच्या सामन्यांना होत नसे. रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली होती, प्रांतवार संघांची. पण लोकांची पावले वळत ती पंचरंगीकडे. तिकिटांचा पैसाही तिथेच होता.

१९३० नंतर राजकारण तापत गेले तशी या स्पर्धेवर टीकाही वाढली. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे लोक वर्ध्याला गांधीजींना भेटले. देशात सत्याग्रह चालू असताना, माणसे तुरुंगात जात असताना सामने खेळावेत का, असा प्रश्न होता. गांधीजींनी सामने थांबवू पाहणाऱ्यांच्या बाजूने कौल दिला आणि पुढे जाऊन स्पर्धेच्या मुळावरच बोट ठेवले. कॉलेजा-कॉलेजांतले, संस्था-संस्थांतले सामने आपण समजू शकतो, पण हिंदूंचा संघ, पारशांचा संघ, मुसलमानांचा संघ हे कशासाठी ते आपल्याला कधीच समजले नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्या वर्षी हिंदू संघाने माघार घेतली.

स्पर्धेला विरोध करणारे केवळ हिंदू पुढारी होते असे समजू नये. 'बॉम्बे क्रॉनिकल' हे वृत्तपत्र या जमातवार सामन्यांच्या विरोधात सातत्याने लिहीत होते आणि त्याचे संपादक होते सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी, एक राष्ट्रवादी मुसलमान. मुसलमानांचा संघ जिंकत असतानाच्या काळातही ही स्पर्धा बंद झाली पाहिजे असे एका मुसलमान संपादकाचे पत्र म्हणत होते. आपली बाजू जिंकते आहे म्हणून चुकीची चौकट बरोबर ठरत नाही, हे समजायला मोठी नजर लागते. ती ब्रेलवींकडे होती.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. स्पर्धेचे समर्थक म्हणत, मैदानावर भांडण कुठे आहे? खेळाडू एकमेकांचे दोस्त आहेत, प्रेक्षक चांगल्या फटक्याला टाळी देतात, मग तो फटका कोणाचाही असो. वर्षभर रस्त्यावर जे घडते त्याचा दोष क्रिकेटला का देता? हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. १९४४ च्या सामन्याने त्याला एक मोठा पुरावा दिला.

एक गडी, २९८ धावा

आता त्या सामन्याकडे वळू.

दोन्ही संघांच्या कप्तानांची नावे पाहा. हिंदूंचा कप्तान विजय मर्चंट, मुसलमानांचा कप्तान मुश्ताक अली. क्रिकेटच्या जाणकाराला ही दोन नावे एकत्र ऐकली की मँचेस्टर आठवते. १९३६ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर इंग्लंडविरुद्ध हीच दोघे भारताच्या डावाला एकत्र उतरली होती. त्यांनी पहिल्या गड्यासाठी २०३ धावांची भागी केली. मुश्ताकने ११२ काढल्या, मर्चंटने ११४. परदेशात कसोटी शतक काढणारा पहिला भारतीय मुश्ताक अली, आणि दुसऱ्या टोकाला मर्चंट. आठ वर्षांनी ही जोडी दोन जमातींचे कप्तान म्हणून समोरासमोर उभी राहिली.

हिंदूंनी पहिल्या डावात २०३ धावा केल्या. मुसलमानांनी २२१ केल्या. आघाडी अवघी १८ धावांची. म्हणजे पहिला डाव जवळपास बरोबरीत सुटला. दुसऱ्या डावात हिंदूंनी ३१५ धावा उभारल्या. आता मुसलमानांना जिंकायला २९८ हव्या होत्या, चौथ्या डावात.

क्रिकेट खेळलेल्या माणसाला चौथा डाव म्हणजे काय ते सांगायला नको. तीन डावांच्या खेळाने खेळपट्टी उखडलेली असते, गोलंदाजांच्या बुटांनी खड्डे पडलेले असतात, चेंडू कधी उसळतो, कधी खाली राहतो. पाय थकलेले असतात, आणि फलकावरचा आकडा प्रत्येक षटकाला छातीवर बसतो. या सामन्यात तिन्ही पूर्ण डावांत मिळून एकदाच तीनशेचा आकडा ओलांडला गेला होता. मुसलमानांच्या संघाला आता जवळपास तेवढेच करायचे होते.

ते केले खानमोहम्मद इब्राहिम याने. के. सी. इब्राहिम या नावाने तो ओळखला जाई. मुंबईचाच, वय २५. आक्रमक फटकेबाज अशी त्याची ख्याती नव्हती. त्याची खरी ताकद चिकाटी. गडी एकामागून एक बाद होत गेले आणि इब्राहिम एका टोकाला उभा राहिला. नऊ गडी बाद झाले तेव्हाही तो उभाच होता. डाव संपला तेव्हा इब्राहिम नाबाद १३७, संघ ९ बाद २९८. मुसलमान एक गडी राखून विजयी.

हिशेब करून पाहा. २९८ पैकी १३७ त्याच्या. उरलेल्या १६१ बाकी सगळ्या फलंदाजांच्या आणि अवांतर मिळून. आणखी एक चेंडू यष्टीवर लागला असता, एक झेल हातात बसला असता, तर करंडक हिंदूंच्या बाजूला गेला असता. शेवटची जोडी मैदानावर असते तेव्हा जिंकणे आणि हरणे यांत एका चेंडूचे अंतर असते. शंभर-दीडशे काढलेला माणूसही तेव्हा दुसऱ्या टोकाच्या अकराव्या खेळाडूवर अवलंबून असतो. इब्राहिमचे १३७ दुसऱ्या टोकाला कुणी टिकले म्हणून कामी आले.

आणि मग काय झाले? काही महिन्यांपूर्वी जिथे देशाच्या दोन पुढाऱ्यांची बोलणी मोडली होती, जिथल्या वर्तमानपत्रांत रोज पाकिस्तानच्या मागणीवर रकाने भरत होते, त्या शहरात हिंदूंचा संघ मुसलमानांकडून एका गड्याने हरला होता. हरलेला कप्तान विजय मर्चंट मुसलमान संघाच्या खोलीत गेला आणि त्याने जिंकणाऱ्यांचे मनापासून अभिनंदन केले. क्रिकेटच्या इतिहासकारांनी या प्रसंगाची आवर्जून आठवण ठेवली आहे. मँचेस्टरचा जोडीदार दुसऱ्या संघाचा कप्तान होता, त्याच्या आनंदात सामील व्हायला मर्चंटला कोणती अडचण वाटावी?

त्यानंतर

पंचरंगी स्पर्धा आणखी एकच वर्ष चालली. १९४५-४६ ची स्पर्धा हिंदूंनी जिंकली आणि ती शेवटची ठरली. क्रिकेट मंडळाने जमातवार सामने बंद केले आणि ते योग्यच झाले. त्यानंतर दीड-दोन वर्षांत देश फुटला.

त्या काळात मुसलमानांच्या संघातून खेळलेल्या माणसांच्या वाटा कशा फुटल्या ते पाहण्यासारखे आहे. मुश्ताक अली इंदूरमध्ये राहिला, भारताकडून खेळला, आणि २००५ मध्ये त्याच इंदुरात, वयाच्या नव्वदीत गेला. अमीर इलाही, गुल मोहम्मद, अब्दुल हफीज कारदार हे तिघे आधी भारताकडून आणि नंतर पाकिस्तानकडून कसोटी खेळले. कारदार तर पाकिस्तानचा पहिला कसोटी कप्तान झाला.

आणि इब्राहिम? १९४७-४८ च्या मोसमात त्याने असा खेळ केला की एकदा बाद होण्यापर्यंत त्याच्या नावावर लागोपाठच्या डावांत ७०९ धावा जमल्या. १९४८-४९ मध्ये मुंबईने रणजी करंडक जिंकला तो त्याच्या कप्तानीत. फाळणी होऊन गेली होती, सगळीकडे संशयाचे वातावरण होते, आणि मुंबईच्या संघाने एका मुसलमानाला कप्तान केले होते. त्याच मोसमात तो वेस्ट इंडीजविरुद्ध भारताकडून चार कसोटी सामने खेळला. दिल्लीच्या पहिल्या कसोटीत त्याने ८५ आणि ४४ धावा केल्या. पुढे तो पाकिस्तानात गेला आणि २००७ मध्ये कराचीत त्याचे निधन झाले. तो का गेला, हे त्याचे तो जाणे. फाळणीच्या काळात घरातून कोण उठले आणि कोण बसून राहिले याचा निवाडा आज शेवगावात बसून करणे सोपे आहे, म्हणूनच तो करू नये.

१९५२ मध्ये कारदारचा पाकिस्तानी संघ भारतात आला. पहिला कसोटी सामना दिल्लीला झाला. भारताच्या डावात शेवटच्या गड्यासाठी १०९ धावांची भागी झाली. खेळपट्टीवर होते हेमू अधिकारी आणि गुलाम अहमद. अधिकारी पुण्याचा, लष्करी अधिकारी, पूर्वी पंचरंगीत हिंदूंच्या संघातून खेळलेला. गुलाम अहमद हैदराबादचा मुसलमान. अधिकारी नाबाद ८१, गुलाम अहमद ५०. पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्याच कसोटीत भारताला ज्या शेवटच्या जोडीने हात दिला ती ही जोडी. आणि गंमत अशी की त्याच मालिकेत मद्रासला पाकिस्तानच्या शेवटच्या जोडीनेही १०४ धावा जोडल्या. त्यातला एक होता अमीर इलाही, जो काही वर्षांपूर्वी भारताची टोपी घालून ऑस्ट्रेलियात कसोटी खेळला होता.

अधिकारी आणि गुलाम अहमद यांचा भारतासाठीचा तो विक्रम बावन्न वर्षे टिकला. तो मोडला डिसेंबर २००४ मध्ये ढाक्याला. शेवटच्या गड्यासाठी १३३ धावा. एका टोकाला सचिन तेंडुलकर, नाबाद २४८. दुसऱ्या टोकाला ७५ धावा काढणारा झहीर खान. आपल्या जिल्ह्यातला, श्रीरामपूरचा.

आपला प्रश्न

भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी शेवगावात, पाथर्डीत, गेवराईत, कुठल्याही तालुक्याच्या गावी मुसलमान पोराला एक प्रश्न हसत हसत विचारला जातो : "काय रे, आज कोणाकडून?" विचारणारा बहुतेक वेळा वाईट नसतो. सोबत शाळेत गेलेला, एकाच टपरीवर चहा पिणारा असतो. पण हा प्रश्न त्याच टपरीवरच्या दुसऱ्या कुणाला विचारला जात नाही. पोरगा हसून उत्तर देतो, आणि दरवेळी थोडा थोडा आतून बंद होत जातो.

पंचरंगीच्या काळात हा प्रश्न नव्हता. तिथे जमातीचा संघ उघडच होता, मुसलमानाने मुसलमानांच्या संघासाठी टाळ्या वाजवल्या तर त्याची निष्ठा कुणी तपासत नसे. पण म्हणून ती व्यवस्था चांगली होती असे नाही. तिने माणसाची पहिली ओळख म्हणून धर्माचा रकाना पुढे केला. बाळूला आणि हजारेला त्याचा काच सोसावा लागला. गांधीजी आणि ब्रेलवी बरोबर होते. १९४६ मध्ये स्पर्धा बंद झाली. पण 'कोणाकडून?' विचारणाऱ्याच्या डोक्यात ती अजून चालू आहे. कागदावर संघ एक झाला, मनातला संघ मात्र अजून जमातवार निवडला जातो. आपल्यातही असे लोक आहेत जे संघात किती मुसलमान आहेत हेच आधी मोजतात. तीही पंचरंगीच, आपल्या बाजूची.

म्हणून १९४४ चा सामना मला दोन कारणांनी महत्त्वाचा वाटतो. एक, चौकट चुकीची असूनही माणसे सभ्य राहू शकतात हे मर्चंट आणि मुश्ताक यांनी दाखवले. आज चौकट बरोबर आहे, संविधानाने ती दिली आहे, पण सभ्यपणा कमी पडतो. त्यांच्याकडे जे होते ते आपल्याकडे नाही, आणि आपल्याकडे जे आहे ते त्यांना मिळाले नव्हते. दोन्ही एकत्र आणणे एवढेच आपले काम आहे.

दुसरे कारण शेवटच्या जोडीचे. १९४४ मध्ये इब्राहिमला दुसऱ्या टोकाला एक साथीदार लागला. १९५२ मध्ये अधिकारीला गुलाम अहमद लागला. २००४ मध्ये तेंडुलकरला झहीर लागला. नऊ गडी बाद झालेले असतात तेव्हा समोरच्या टोकाला कोण आहे हे त्याच्या नावावरून कुणी ठरवत नाही. तो धाव घ्यायला पळतो की नाही, एवढेच पाहिले जाते.

तेव्हा पुढच्या वेळी टपरीवर "आज कोणाकडून?" असे कुणी विचारले, तर चिडू नका. चहा सांगा, आणि त्याला विचारा : शेवटच्या गड्यासाठी भारताची सर्वांत मोठी भागी कोणी केली, ठाऊक आहे का? त्याला ठाऊक नसेल तर शांतपणे सांगा, मुंबईच्या एकाने आणि श्रीरामपूरच्या एकाने.